तुला काय हवे?

आजारी मुलाच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार. बडोद्याच्या मांडवीतल्या किंवा रावपुऱ्यातल्या दुकानातून आपण चावीची मोटार घेतो, चित्रांचे पुस्तक घेतो, वाटेतल्या गाडीवरून मोसंबी घेतो आणि रुग्णालयात खाटेपाशी जाऊन हे सारे उशाशी ठेवतो. मूल त्या वस्तूंकडे क्षणभर पाहते, आईने डोळ्यांनी खुणावले की ‘थँक यू’ म्हणते आणि तोंड भिंतीकडे फिरवते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या उशाशी अशा भेटींचा ढीग साचत जातो आणि त्या ढिगाबरोबर त्याचे औदासीन्यही वाढत जाते. मग एके दिवशी कोणी अनोळखी तरुणी येते. तिच्या पिशवीत कोरे कागद आणि रंगीत खडूंखेरीज काही नसते. ती खाटेच्या कडेला टेकते, इकडच्या तिकडच्या गप्पा मारते आणि केव्हातरी विचारते, ‘तुला काय हवे?’ आणि ज्या मुलाने चार दिवसांत मान वर केली नव्हती ते उठून बसते.

गंभीर आजार झालेल्या मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थांचे सारे कार्य या एका प्रश्नाभोवती उभे आहे. कर्करोगाने पोखरलेल्या शरीराला एखादी सायकल काय आराम देणार, ही शंका विचारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि तिचे उत्तर सायकलीत शोधू लागल्यास ते सापडतही नाही.

ज्याच्या हाती काही उरत नाही

आजार मुलापासून काय काय हिरावून घेतो ते आधी पाहू. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्याचा उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतो. केमोच्या औषधांनी रोगट पेशींबरोबर रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. त्या कमी झाल्या, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत ‘काउंट पडले’, की शाळा बंद, शेजारचा मित्र बंद, कापून ठेवलेले फळ बंद, वाढदिवसाची गर्दी बंद. थॅलेसेमियाच्या मुलाची तऱ्हा निराळी, पण बेडी तीच. त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्या परक्या रक्तातून देहात साचत जाणारे लोह बाहेर काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते, आणि काही मुलांना त्यासाठी रात्रभर कातडीखाली सुई ठेवून पंप बांधून झोपावे लागते.

वेदना तर आहेतच. परंतु त्या वेदनांच्या आड जी दुसरी हानी होत असते तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. कोणत्या हातात सुई टोचायची, केव्हा जेवायचे, केव्हा झोपायचे, कोण भेटायला येणार, केस केव्हा गळणार आणि घरी केव्हा जायचे, यांतील एकही गोष्ट मुलाच्या शब्दावर ठरत नाही. डॉक्टर वडिलांशी बोलतात, वडील आईशी कुजबुजतात, आणि ज्याच्या शरीराविषयी हे सारे चालले आहे तो जीव पांघरुणाखालून कान देऊन ऐकत असतो. निरोगी मूल दिवसभर लहानसहान हुकूम सोडत असते: हा सदरा नको, तो हवा, वरण नको, कढी हवी, आज्जीकडे आत्ताच जायचे. त्यातले निम्मे हट्ट आपण पुरवतो, निम्मे मोडतो, आणि या देवघेवीतूनच आपल्या शब्दाला जगात काही वजन आहे हे त्याला उमगते. रुग्णशय्येवर ही देवघेव थांबते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. विजेचे धक्के बसत असताना काही केल्या ते थांबवता येत नाहीत, असा अनुभव ज्या कुत्र्यांना आला, त्यांतली पुष्कळशी पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही जागची हलली नाहीत. तेव्हा असे मानले गेले की त्यांना असहायता शिकवली गेली. सुमारे अर्धशतकाने, २०१६ साली, याच दोघांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा फिरवला. दीर्घकाळ त्रास सोसावा लागला की निपचित पडून राहणे ही प्राण्याची मुळातली, न शिकलेली प्रतिक्रिया असते. शिकावी लागते ती गोष्ट निराळीच, ती म्हणजे आपल्या हालचालीने काही बदलू शकते ही जाणीव.

घरातली वीज गेल्यावर आपण दोनदा-तीनदा बटण दाबून पाहतो आणि मग दाबणे सोडून देतो. पुढे वीज परत आली तरी जोवर कोणी बटणाला हात लावत नाही तोवर खोली अंधारीच राहते. वीज आली आहे हे कळण्यासाठी एकदा बटण दाबावे लागते आणि एकदा दिवा लागावा लागतो. इच्छापूर्तीचे काम हे असे एकदा दिवा लागण्याचे काम आहे.

सात वर्षांचा शिपाई

या कार्याचा संघटित आरंभ अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या फीनिक्स शहरी झाला. तेथील क्रिस नावाच्या सात वर्षांच्या, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाला पोलीस व्हायचे होते. २९ एप्रिल १९८० रोजी प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा खात्यातील अधिकाऱ्यांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवले, आपल्या दलात रुजू करून घेतले आणि त्याच्या मापाची खरीखुरी वर्दी शिवून घेतली. ३ मे रोजी तो मुलगा गेला. त्याची आई आणि ते अधिकारी यांनी मिळून त्याच वर्षी ‘मेक-अ-विश’ या संस्थेची उभारणी केली. आज सुमारे ५० देशांत तिचे काम चालते, आणि २९ एप्रिल हा दिवस जगभर इच्छादिन म्हणून पाळला जातो.

भारतात हे काम आले ते एका मराठी दाम्पत्याच्या हातून. उदय आणि गीता जोशी यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्या मुलाची इच्छा अमेरिकेतील संस्थेने पुरी केली, आणि त्या दिवशी आपल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसले ते इथल्या मुलांच्याही वाट्याला यावे म्हणून जोशी दाम्पत्याने १९९६ साली मुंबईत भारतीय शाखेची स्थापना केली.

कल्पना परदेशातून आली असली तरी तिची ओळख आपल्याला पटायला वेळ लागत नाही. गर्भिणीला जे खावेसे वाटेल ते कुठूनही पैदा करून आणावे, तिचे डोहाळे अपुरे ठेवू नयेत, ही आपल्या घराघरातली रीत आहे. चिंच किंवा आवळा यांत गुण किती हे त्या वेळी कोणी मोजत नाही. मोठ्या शारीरिक संकटातून जाणाऱ्या जीवाला ‘तुझ्या मनात काय आहे’ असे विचारणे हेच त्या सोहळ्याचे मर्म असते. मात्र आपल्या भाषेत ‘इच्छा’ या शब्दाला चिकटलेला दुसरा एक अर्थ या कार्याच्या आड येतो, तो म्हणजे ‘अखेरची इच्छा’. संस्थेचा स्वयंसेवक आला म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असे समजून कित्येक आईबाप त्याला दारातूनच परत पाठवू पाहतात. ही समजूत चुकीची आहे. मरणोन्मुख असणे ही पात्रतेची अट नाही. आजार जीवावर बेतू शकेल असा असणे एवढेच पुरेसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुला-कुमारांना कर्करोग होतो. संपन्न देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. तेव्हा इच्छा पुरी झालेली पुष्कळ मुले पुढे शाळेत जातात, त्यांना दाढीमिशा फुटतात, ती संसार करतात.

अर्जापासून मुक्रर दिवसापर्यंत

आता यंत्रणा कशी चालते ते पाहू. पहिली पायरी शिफारशीची. मुलाचे नाव बहुधा उपचार करणारे डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयातील समाजसेविका सुचवतात. आईबापांनाही ते सुचवता येते. वय साधारणपणे ३ ते १८. त्यानंतर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला लागतो: आजार कोणता, तो कितपत गंभीर, प्रवास झेपेल काय, गर्दी चालेल काय. हा कागद रूक्ष दिसला तरी त्यावर पुष्कळ अवलंबून असते, कारण समुद्र पाहण्याची इच्छा असलेल्या मुलाला नेमक्या कोणत्या आठवड्यात न्यायचे हे त्याच्या काउंटवरून ठरते आणि दोन केमोंच्या मधली ती अरुंद फट डॉक्टरांशिवाय कोणाला दिसत नाही.

दुसरी पायरी सर्वांत नाजूक, आणि माझ्या मते संपूर्ण कार्याचा प्राण तिच्यात आहे. मुलाची खरी इच्छा कोणती हे शोधून काढावे लागते. ‘खरी’ हा शब्द येथे जपून वापरला आहे. पहिल्या भेटीत मूल जे उत्तर देते ते पुष्कळदा त्याचे नसतेच. कधी ते आईच्या मनातले असते, कधी धाकट्या भावाचे, आणि कधी घरची ओढाताण जाणणाऱ्या शहाण्या मुलाने स्वतःची मागणी घासाघीस करून लहान करून आणलेली असते. उपचारापायी घरातले दागिने मोडलेले ज्या मुलीने पाहिले आहे, ती विमानात बसायचे आहे असे म्हणायला धजत नाही. ती पेन्सिलींचा डबा मागते. म्हणून स्वयंसेवक घाई करत नाहीत. ते मुलाला चित्र काढायला सांगतात, एकाऐवजी दोन-तीन इच्छा विचारतात, आणि प्रत्येकीमागचे कारण विचारतात. कारणातून खरी इच्छा बाहेर पडते. सायकल मागणाऱ्याला ‘सायकलीवरून कुठे जाशील?’ असे विचारले आणि ‘शाळेत’ असे उत्तर आले, तर त्याला चाकांपेक्षा वर्ग हवा आहे हे ध्यानात येते, आणि मग सायकलीबरोबर त्याच्या वर्गातली चार मुलेही त्या दिवशी बोलावली जातात.

सर्व इच्छांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात: काहीतरी मिळावे, कोठेतरी जावे, कोणाला तरी भेटावे आणि कोणीतरी व्हावे. अलीकडे त्यात पाचवा मिळाला आहे, दुसऱ्याला काहीतरी द्यावे. आपल्याकडे पहिल्या वर्गातल्या मागण्या पुष्कळ: टॅब, सायकल, बाहुलीचे घर, सणाचे नवे कपडे. उपचारांचा खर्च मात्र इच्छा म्हणून मागता येत नाही. त्यासाठी निराळे निधी आहेत. या नियमामागचा विचार मला योग्य वाटतो, कारण एकदा औषधाचे बिल या रांगेत उभे राहिले की कोणतेही मूल त्याच्यापुढे आपली बाहुली मागणार नाही.

> चौकट: पालकांनी ध्यानात ठेवावे असे
> इच्छा विचारली जाणे म्हणजे आजार हाताबाहेर गेला असे नव्हे. उपचार चालू असताना, किंबहुना लांब उपचाराच्या मध्यावर, इच्छेचा उपयोग अधिक होतो. मुलाच्या वतीने उत्तर देऊ नये. त्याला थोडा वेळ स्वयंसेवकाबरोबर एकटे बसू द्यावे. डॉक्टरांच्या संमतीशिवाय प्रवासाची तारीख ठरवू नये. भावंडांना त्या दिवसात सामील करून घ्यावे. घरात आजार एकाला असला तरी दुर्लक्ष दुसऱ्याकडे होत असते.

खुर्ची मागणारी मुले

चौथ्या वर्गातल्या, म्हणजे कोणीतरी होण्याच्या, इच्छा संख्येने कमी असतील, पण त्यांतून मुलांच्या मनाचा जो ठाव लागतो तो इतरांतून लागत नाही. मार्च २०१८ मध्ये मुंबईच्या मुलुंड पोलीस ठाण्यात सात वर्षांचा एक कर्करोगग्रस्त मुलगा एका दिवसापुरता इन्स्पेक्टर झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हैदराबादलगतच्या राचकोंडा पोलीस आयुक्तालयात रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीने एक दिवस आयुक्तपद सांभाळले. तिला आपली खुर्ची देणारे आयुक्त होते महेश भागवत, मूळचे तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले. आणि आमच्या बडोद्याहून दोन तासांच्या अंतरावर, अहमदाबादच्या कलेक्टर कचेरीत, सप्टेंबर २०२१ मध्ये मेंदूत गाठ असलेली गांधीनगरची अकरा वर्षांची मुलगी एका दिवसाची कलेक्टर झाली. जिल्हाधिकारी संदीप सागळे यांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवले.

पोलीस, आयुक्त, कलेक्टर. मोठमोठ्या नटांना भेटण्याची सोय असताना ही मुले कचेऱ्या का मागतात? ज्याच्या शब्दावर काहीच हालत नाही, त्याला अशी जागा हवीशी वाटते जिथल्या शब्दावर सारे हालते. वर्दी, शिक्का, दफ्तर, समोर उभा राहून ‘होय साहेब’ म्हणणारा माणूस, ही त्या जागेची चिन्हे आहेत. ज्या हाताला गेले वर्षभर केवळ सलाईनची नळी ठाऊक आहे, त्या हाताने कागदावर सही करणे ही त्या मुलाच्या दृष्टीने फार मोठी घटना असते.

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला येथे १८७५ सालची आख्यायिका आठवल्यावाचून राहत नाही. बडोद्याचे राजे मल्हारराव पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंना दत्तक घ्यावयाचा होता, आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील मुले आणवली गेली. ‘तुम्ही येथे कशासाठी आलात?’ असे त्यांना विचारले असता इतर गोंधळले, आणि बारा वर्षांच्या गोपाळने राज्य करायला आलो असल्याचे निःशंकपणे सांगितले, अशी ती कथा. पुढे सयाजीराव झालेल्या त्या मुलाच्या उत्तराचे कौतुक आपण दीडशे वर्षे करत आलो आहोत. मला त्या प्रसंगात विचारणाऱ्याचेही तितकेच महत्त्व वाटते. खेड्यातून आलेल्या पोरांना, त्यांच्या वडीलधाऱ्यांना बाजूला ठेवून, कोणी सरळ प्रश्न विचारला आणि त्या उत्तराला वजन दिले, हे त्या काळी सामान्य नव्हते.

संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने १९९२ साली मान्य केला आहे. त्याच्या बाराव्या कलमानुसार, स्वतःसंबंधीच्या बाबतीत मत देण्याचा आणि त्या मताची दखल घेतली जाण्याचा हक्क मुलाला आहे. सुई टोचावी की नाही हे सात वर्षांच्या मुलावर सोपवता येत नाही, हे उघड आहे. म्हणूनच ज्या गोष्टी त्याच्यावर सोपवता येतील त्या शोधून त्याच्या हाती द्याव्या लागतात.

प्रतीक्षेचा गुण

इच्छा कळली की ती लगेच पुरी होत नाही. काही आठवडे, कधी काही महिने, तजवीज चालते. हा विलंब कार्यालयीन दिरंगाईसारखा दिसला तरी इच्छापूर्तीचा निम्मा गुण त्या विलंबातच आहे. दिवाळीचा आनंद पहिल्या अंघोळीच्या पहाटे सुरू होत नाही. अंगणात किल्ल्यासाठी पहिली माती आणली त्या दिवशी तो सुरू होतो. नेदरलँड्समध्ये १५३० प्रौढांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले ते प्रामुख्याने सहलीच्या आधी. परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक मावळला होता. वॉर्डातल्या मुलासाठी या प्रतीक्षेचे मोल आणखी वाढते, कारण त्याच्या दिनदर्शिकेत तोवर एकाच प्रकारच्या तारखा असतात: पुढची केमो, पुढची तपासणी, पुढचे रक्त. आता त्यांच्यात एक तारीख अशी येते की जिच्याकडे बोट दाखवून ते म्हणते, ही माझी.

याचा काही पुरावा आहे काय? आहे, आणि त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इस्राएलमधील संशोधकांनी ५ ते १२ वर्षे वयाच्या ६६ कर्करोगग्रस्त मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाच्या इच्छा आधी पुऱ्या केल्या, दुसऱ्याला प्रतीक्षेच्या यादीत ठेवले. पहिल्या गटात खिन्नता आणि चिंता कमी झाली, आशा वाढली, जीवनमान सुधारले. अमेरिकेत ओहायो प्रांतातील कोलंबस येथील बाल रुग्णालयाने इच्छा पुरी झालेल्या ४९६ मुलांची तुलना तशाच आजाराच्या, पण इच्छा न विचारलेल्या ४९६ मुलांशी केली. पहिल्या गटातील मुलांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रसंग ठळकपणे कमी आले. मात्र ही दुसरी तुलना जुन्या नोंदींवरून केलेली असल्याने, ज्या घरांपर्यंत इच्छेची वार्ता पोहोचते ती घरे मुळातच अधिक जागरूक असतील ही शक्यता उरते. इच्छेने गाठ विरघळत नाही. मुलाचे मन उभारी धरते, ते औषध तोंडात धरून न ठेवता गिळते, आईबापांना महिनाभर आजाराखेरीज दुसरा विषय मिळतो. एवढे म्हणणे मला सुरक्षित वाटते, आणि एवढेही थोडे नाही.

जमाखर्चाचा प्रश्न

या कार्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतकाने घेतला आहे. १५ नोव्हेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रक्ताच्या कर्करोगातून सावरलेल्या पाच वर्षांच्या मुलासाठी अख्खे शहर एका दिवसापुरते बॅटमॅनचे नगर झाले, हजारो लोक रस्त्यांवर आले. त्यानंतर सिंगर यांनी लिहिले की, अमेरिकेत एका इच्छेचा सरासरी खर्च ७५०० डॉलर येतो. तेवढ्याच पैशांत हिवतापापासून बचाव करणाऱ्या मच्छरदाण्या वाटल्या तर निदान दोन-तीन मुलांचे प्राण वाचतील. मग एकाचा आनंद मोठा की तिघांचे प्राण?

हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही, आणि ज्याच्या हाती सरकारी खजिन्याची किल्ली आहे त्याने तो स्वतःला रोज विचारावा. परंतु दान देणाऱ्याच्या मनातला पैसा एका तिजोरीत नसतो. घरातल्या आजारी नातीच्या बाहुलीसाठी काढलेले पाचशे रुपये बाहुली न घेतल्यास आपोआप मच्छरदाणीच्या खात्यात जमा होत नाहीत. शिवाय आपल्याकडच्या इच्छांना पैसा बहुधा थोडाच लागतो. कलेक्टरच्या खुर्चीला भाडे नसते; लागतो तो एका अधिकाऱ्याचा अर्धा दिवस आणि त्याची तयारी. मला अधिक सलते ती दुसरी उणीव. ही विचारणा मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत अधिक पोहोचते. छोटाउदेपूरहून किंवा नंदुरबारहून एस.टी.ने बडोद्यास येऊन, रक्त चढवून त्याच संध्याकाळी परतणाऱ्या मुलापाशी बसायला कोणाला सवड आहे? त्याच्या इच्छेला लागणारे पैसे कदाचित शे-दोनशेच असतील. पण विचारणाऱ्याला त्याची बोली यायला हवी आणि परतीची गाडी सुटण्यापूर्वीचा तास दीड तास त्याच्यापाशी बसता यायला हवे.

‘काही नको’

या कामात अनुभव घेतलेल्यांना सर्वांत अवघड वाटते ते ‘काही नको’ असे म्हणणारे मूल. ते चिडलेले नसते, लाजतही नसते. मागितले की मिळत नाही हे त्याला इतके पक्के ठाऊक झालेले असते की मागण्याची क्रियाच ते विसरलेले असते. अशा मुलापुढे खेळण्यांच्या चित्रांची वही उघडून ‘हे हवे का, ते हवे का’ असे विचारण्याचा मोह होतो. जाणते स्वयंसेवक तसे करत नाहीत, कारण त्यातून पुन्हा दुसऱ्याचीच निवड त्याच्या गळ्यात पडते. त्याऐवजी ते लहानसहान निवडी त्याच्यापुढे ठेवतात. निळा खडू की हिरवा? मी खुर्चीवर बसू की खाटेवर? पुन्हा सोमवारी येऊ की गुरुवारी?

मूल बराच वेळ बोलत नाही. मग खिडकीकडे पाहत म्हणते, गुरुवारी. स्वयंसेवक वहीत तो वार लिहितो, मुलाला लिहिलेले दाखवतो, आणि गुरुवारी, ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे आधीच, वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहतो.